मोगर्टमध्ये बदलता फोटो: चौकटीत नीट बसवायचा कसा?

पट्टीवाला (प्रश्न)

मंडळी, मुलाखतीच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांची पट्टी करतोय. आफ्टर इफेक्ट्समध्ये (अ‍ॅनिमेशनचा प्रोग्राम) बनवून मोगर्ट म्हणून, म्हणजे नाव-फोटो बदलता येणारं मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट म्हणून, एडिटरांच्या हातात द्यायची आहे. ते सगळे प्रीमियरवर (व्हिडिओ एडिटिंगचा प्रोग्राम) काम करणारे, आफ्टर इफेक्ट्स उघडणार नाहीत. माप 1920 बाय 1080, सेकंदाला 25 फ्रेम, लांबी 10 सेकंद. डावीकडे पाहुण्याचा फोटो, शेजारी नाव आणि हुद्दा, कोपऱ्यात संस्थेचा लोगो.

कुठे अडलंय ते सांगतो. फोटोच्या जागी आधी करडा सॉलिड (एकाच रंगाचा लेयर) ठेवला होता, तो एसेन्शियल ग्राफिक्स पॅनेल (एडिटरला काय काय बदलता येईल ते इथे ठरतं) घेतच नाही. जेपेग ठेवला तर घेतलं. पण फोटो थोडा सरकवला किंवा मोठा केला की गोल कोपऱ्यांचा मास्कही (फोटो कापणारी बाह्यरेषा) त्याच्याबरोबर सरकतो. आडवा फोटो आला की चेहरा बाजूला जातो. पट्टी 6 सेकंदांवर आणली की शेवटची बाहेर जाण्याची हालचालच कापली जाते. आणि आता मागणी आली आहे की कधीकधी फोटोऐवजी छोटी व्हिडिओ क्लिप चालली पाहिजे.

रचनाच मुळात चुकली आहे का? पहिल्यापासून करायची झाली तर कशी करावी?

कीफ्रेम

हो, रचनेतच घोळ आहे, पण अर्ध्या तासाचं काम आहे. एकेक घेऊ.

सॉलिड का चालत नाही? बदलता मीडिया म्हणून पॅनेलला असा लेयर लागतो ज्याच्या मागे खरी फाइल किंवा कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे लेयरची स्वतंत्र मांडणी) आहे. सॉलिड, शेप, टेक्स्ट, नल, अ‍ॅडजस्टमेंट, कॅमेरा, लाइट यांतलं काहीच त्या अर्थाने बदलण्याजोगं नाही. म्हणून जागा धरायला एक खरीखुरी जेपेग बनवा.

आता मुख्य गोष्ट. फोटोवर मास्क काढू नका, शॅडो देऊ नका, फोटोच्या लेयरला पट्टीबरोबर हलवू नका. मास्क लेयरच्या स्वतःच्या मापात बसलेला असतो, लेयर हलला की तोही हलणारच. फोटोला त्याच्या स्वतःच्या कॉम्पमध्ये ठेवा आणि बाहेरचं सगळं त्या कॉम्पला लावा. समजा पट्टीवर चौकट 480 बाय 600 दिसायची आहे, म्हणजे 4:5. तर:

"फोटो_जागा" नावाचा कॉम्प 960 बाय 1200 चा करा. दुप्पट अशासाठी की एडिटरने झूम केलं तरी चित्र फाटू नये, आणि उद्या कुणी हीच पट्टी 4के मध्ये मागितली तर फोटो पुरेल. त्यात 960 बाय 1200 चीच जागा धरणारी जेपेग टाका. तिच्याखाली पट्टीच्या रंगाचा एक सॉलिड ठेवा, म्हणजे फोटो कुठे कमी पडला तर आरपार भोक दिसणार नाही.

हा कॉम्प मुख्य कॉम्पमध्ये आणा, स्केल 50 टक्के. गोल कोपऱ्यांसाठी गोल कोपऱ्यांचा शेप लेयर घ्या आणि तो अल्फा ट्रॅक मॅट म्हणून लावा, म्हणजे फोटो त्या शेपच्या आकारापुरताच दिसतो. मॅट आणि फोटो_जागा दोघांना एकाच नलला (न दिसणाऱ्या लेयरला) पॅरेंट करा, म्हणजे जोडा. हालचाल फक्त नलला. शॅडो हवी असेल तर मॅट लागल्यावर दोघांना मिळून आणखी एका कॉम्पमध्ये गुंडाळा आणि शॅडो त्या कॉम्पला द्या.

इथे एक खड्डा आहे. फोटो_जागा या लेयरचं कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्सचं सूर्यासारखं बटण चालू राहिलं तर कॉम्पच्या कडेला होणारी कापणी बंद होते आणि मोठा केलेला फोटो कॉम्पच्या मापाबाहेर सांडतो. मॅट असेल तोवर ते लपून राहतं. मॅट काढून चौकोनी चौकट केली की उघडं पडतं. बटण बंदच ठेवा.

मग एसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये वर प्रायमरी म्हणून मुख्य कॉम्प निवडा, फोटो_जागा उघडा आणि आतला जेपेगचा लेयर ओढून पॅनेलमध्ये टाका. आतल्या कॉम्पमधला लेयरही मुख्य कॉम्पच्या पॅनेलमध्ये घेता येतो. नाव बदलून "पाहुण्याचा फोटो (4:5)" असं ठेवा. एडिटरला तेवढंच वाचायचं असतं.

जेपेगवर काय काढायचं यावरही विचार करा. डोक्याची बाह्यरेषा, डोळ्यांची रेषा वरून साधारण एक तृतीयांशावर, आणि मागे भडक गुलाबी रंग. देखणी करड्या रंगाची जागा ठेवली की फोटो टाकायचा राहून जातो आणि पट्टी तशीच प्रसारणाला जाते. गुलाबी रंग कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

रेंडर_चालू_आहे

कीफ्रेम यांच्या रचनेला माझा पाठिंबा. फक्त आडव्या फोटोचा हिशोब नीट मांडतो, कारण खरी मारामारी तिथेच आहे.

चौकट 960 बाय 1200. मोबाइलचा उभा फोटो 3000 बाय 4000 धरा. चौकट पूर्ण भरायची तर दोन भागाकार करा: 960 भागिले 3000 म्हणजे 0.32, आणि 1200 भागिले 4000 म्हणजे 0.30. मोठा आकडा घ्यायचा. 32 टक्क्यांवर फोटो 960 बाय 1280 होतो, वर 40 आणि खाली 40 पिक्सेल कापले जातात. काही बिघडत नाही.

तोच फोटो आडवा, 4000 बाय 3000 आला तर आकडे 0.24 आणि 0.40. मोठा 0.40, फोटो होतो 1600 बाय 1200. म्हणजे डावीकडून 320 आणि उजवीकडून 320 पिक्सेल गेले. माणूस मधोमध बसला असेल तर वाचतो, नाहीतर अर्धा चेहरा बाहेर. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप सोडवणार नाही. माणूस कुठे आहे ते त्याला कळत नाही, एडिटरलाच फोटो सरकवता आला पाहिजे.

आफ्टर इफेक्ट्समध्येच फोटो बदलणार असाल (प्रोजेक्ट पॅनेलमधून फाइल धरून, ऑल्ट दाबून लेयरवर सोडायची) तर हाच हिशोब फोटोच्या स्केलला एक्स्प्रेशन (आपोआप चालणारं सूत्र) म्हणून लावून टाका: कॉम्पची रुंदी भागिले लेयरची रुंदी, कॉम्पची उंची भागिले लेयरची उंची, दोन्हींतला मोठा आकडा घेऊन 100 ने गुणा. लोगोसाठी मोठ्याऐवजी लहान आकडा, म्हणजे काहीच कापलं जात नाही. पण मोगर्ट होऊन प्रीमियरमध्ये जायचं असेल तर या एक्स्प्रेशनच्या भरवशावर बसू नका. तिथे दोन गोष्टी करा.

एक, एडिटरला सांगा की फोटो आधीच 4:5 मध्ये कापून 960 बाय 1200 चा करूनच टाकायचा. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात खात्रीचं. जागा धरणाऱ्या फाइलचं आणि खऱ्या फोटोचं माप एकच असेल तर बसवण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोन, तरीही थोडं सरकवायला आणि मोठं करायला जागा ठेवा. कच्चे पोझिशन आणि स्केल पॅनेलमध्ये ओढू नका. एडिटरला 480, 600 असले आकडे दिसतात आणि कुठला कशाचा ते कळत नाही. फोटोच्या लेयरवर तीन स्लायडर कंट्रोल टाका: "झूम", "डावी-उजवी", "वर-खाली". झूम 100 वर, बाकी दोन 0 वर. पोझिशनच्या एक्स्प्रेशनमध्ये कॉम्पच्या रुंदीच्या निम्म्यात "डावी-उजवी" स्लायडर आणि उंचीच्या निम्म्यात "वर-खाली" मिळवा. स्केलला झूमचा स्लायडर दोन्ही अक्षांना जोडा. मग तिन्ही स्लायडर पॅनेलमध्ये ओढून एडिट रेंज द्या: झूम 100 ते 200, सरकवणं उणे 480 ते अधिक 480. झूमची खालची मर्यादा 100 ठेवल्यामुळे कडेला रिकामी पट्टी येण्याची एक वाट तरी बंद होते. दुसरी वाट उरतेच: झूम 100 वर असताना सरकवलं तर कड उघडी पडणार. "आधी झूम, मग सरकवा" अशी कॉमेंट पॅनेलमध्येच टाकून ठेवा, अ‍ॅड फॉरमॅटिंगमध्ये ती सोय आहे. फोटो आणि त्याचे तीन स्लायडर एकाच ग्रुपमध्ये घाला.

कीफ्रेम

स्लायडरचं पटलं. मर्यादा अधिक-उणे 480 जरा सढळ आहे. झूम 200 वर असतानाच तेवढं आडवं सरकवता येतं, 150 वर 240 च. पण हरकत नाही, एडिटर डोळ्यांनी बघूनच सरकवतो.

आडव्या फोटोसाठी आणखी एक युक्ती. मागे त्याच फोटोची धूसर प्रत आणि पुढे पूर्ण फोटो, हे बातम्यांत सर्रास दिसतं. इथे लोक फोटोचा लेयर डुप्लिकेट करतात आणि मग पुढचा बदलतो, मागचा तसाच राहतो म्हणून वैतागतात. बदलाचा धागा त्या एका लेयरला बांधलेला असतो, फाइलला नाही. फोटो एका आतल्या कॉम्पमध्ये एकदाच ठेवा आणि तो कॉम्प फोटो_जागामध्ये दोनदा आणा. वरचा नेहमीसारखा, खालचा मोठा करून बॉक्स ब्लर लावलेला. आतला लेयर एकदा बदलला की दोन्हीकडे बदलतो. एकच फोटो पट्टीत दोन ठिकाणी दिसायचा असेल तरी हीच पद्धत.

टाइमलाइन_पुणे

वेळेबद्दल मी सांगतो.

मोगर्टला वेळेचं काही सांगितलं नसेल तर प्रीमियर ते साध्या क्लिपसारखं कापतं. शेवटून 4 सेकंद काढले की शेवटची हालचाल गेली. आफ्टर इफेक्ट्समध्ये कॉम्पोझिशन मेनूत रिस्पॉन्सिव्ह डिझाइन – टाइम आहे. वर्क एरिया (टाइमलाइनवरचा निवडलेला भाग) पट्टी आत येते तेवढ्या भागावर ठेवा, समजा पहिल्या 25 फ्रेम, आणि क्रिएट इंट्रो करा. मग शेवटच्या 20 फ्रेमवर वर्क एरिया नेऊन क्रिएट आउट्रो. आता एडिटरने क्लिप 6 सेकंदांची करो की 14 ची, हे दोन तुकडे आपल्या वेगानेच चालतात, ताण मधल्या भागावर पडतो.

सीमा काटेकोर ठेवा. आत येण्याच्या हालचालीची शेवटची कीफ्रेम (हालचालीची खूण) 27 व्या फ्रेमवर आणि इंट्रो 25 ला संपला, तर उरलेल्या 2 फ्रेम ताणल्या जातात आणि पट्टी शेवटी रेंगाळते. बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. ईझ केलेल्या हालचालीचं शेपूट संपल्यावर एक-दोन फ्रेम मोकळ्या सोडून सीमा टाका.

मधल्या भागात शक्यतो काहीही हलतं ठेवू नका. सतत चमकणारी रेघ, फोटोवरचा हळू झूम, फिरणारा लोगो: क्लिप लांबवली की हे सगळं मंदावतं, आखूड केली की पळतं.

आणि इथेच तुमच्या व्हिडिओ क्लिपचा मुद्दा येतो. बदलत्या जागेत व्हिडिओ टाकता येतो, त्यात शंका नाही. पण ताणल्या जाणाऱ्या भागात माणूस बोलताना, चालताना दाखवायचा म्हणजे वेगाशी खेळ आहे. माझं मत सरळ आहे: फोटोसाठी बदलता मीडिया, व्हिडिओसाठी भोक.

भोक म्हणजे असं. पट्टीची दुसरी आवृत्ती करा, तिच्यात फोटोच्या जागी आरपार खिडकी. आफ्टर इफेक्ट्समध्ये खिडकीच्या मापाचा शेप लेयर सगळ्यात वर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड सिल्हूएट अल्फा करा. खालचं सगळं तेवढ्या जागेत कापलं जातं. खिडकीची किनार दाखवायची असेल तर ती या शेपच्याही वर. प्रीमियरमध्ये व्ही1 वर (सगळ्यात खालचा व्हिडिओ ट्रॅक) मुख्य मुलाखत, व्ही2 वर छोटी क्लिप (इफेक्ट कंट्रोल्समधून लहान करून खिडकीमागे बसवलेली आणि क्रॉप केलेली), व्ही3 वर खिडकीची पट्टी. क्लिपचा वेग, रंग, आवाज, कट, सगळं नेहमीच्या टाइमलाइनवर राहतं. तोटा एकच: पट्टी सरकत आत येत असेल तर क्लिप तिच्याबरोबर सरकत नाही. म्हणून या आवृत्तीत खिडकीचा भाग जागच्या जागी उघडा, सरकवत आणू नका. आणि व्ही2 ला 8-10 फ्रेमचा डिझॉल्व्ह द्या.

रेंडर_चालू_आहे

शांत दृश्य असेल, फुलं, इमारत, हात वगैरे, तर बदलत्या जागेत व्हिडिओ टाकायला काय हरकत आहे? दरवेळी तीन ट्रॅक कशाला मांडायचे? क्लिपची लांबी मूळ कॉम्पएवढीच ठेवली की ताण येत नाही.

टाइमलाइन_पुणे

लांबी कायम ठेवणार असाल तर हरकत नाही. पण एडिटरला एकदा कड ओढता येते हे कळलं की तो ओढतोच. तसं करायचंच असेल तर लांबी न बदलायची अशी वेगळी आवृत्ती द्या आणि नावातच "10 सेकंद ठाम" असं लिहा. आणखी एक: मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटचा असतो. तो आधी 25 च्या ठाम फ्रेमरेटवर बदलून घ्या, मगच कुठेही टाका.

पट्टीवाला

खूप मदत झाली. फोटो_जागा करून बघितला, मास्कचा प्रश्न संपला. खिडकीची आवृत्ती वेगळी करतो.

आता दोन शंका. लोगो प्रत्येक संस्थेचा वेगळ्या मापाचा येतो, कुठला लांबट, कुठला गोल. त्यालाही 4:5 सारखं एकच माप लावायचं का? आणि नावाची पट्टी नावाच्या लांबीनुसार कमी-जास्त होते. एक्स्प्रेशन लावलंय, पण काही नावांना पट्टीची उंचीच बदलते. "अमर" ला वेगळी, "सुनील" ला वेगळी. शिवाय एका मशीनवर जोडाक्षरं फुटतात.

कीफ्रेम

लोगोसाठी 2:1 चा पारदर्शक कॅनव्हास ठरवा, 800 बाय 400. कुठलाही लोगो त्यात मधोमध, सगळ्या बाजूंनी निदान 40 पिक्सेल सोडून बसवायचा आणि पीएनजी म्हणून ठेवायचा. लांबट लोगो रुंदी गाठेल, गोल लोगो उंची. बदलणारी फाइल नेहमी 800 बाय 400 चीच, त्यामुळे मोगर्टला काही कळायची गरज नाही. संस्थांच्या लोगोंचं एक फोल्डर एकदा तयार झालं की वर्षभर चालतं.

दोन गोष्टी तपासा. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांकडून आलेली फाइल बहुतेक वेळा सीएमवायके (छपाईच्या रंगपद्धतीची) असते, ती आरजीबी (पडद्याच्या रंगपद्धतीची) करून घ्या. आणि पांढऱ्या चौकोनासकट आलेला जेपेग लोगो म्हणून वापरू नका. मल्टिप्लाय मोडने पांढरा घालवायचा उपाय गडद पट्टीवर लोगोही गिळतो.

पाहुण्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि दाबला जातो. त्यावर झूम केलं की गालावर चौकडे दिसतात.

अक्षरजुळणी

देवनागरीचं माझ्याकडे.

उंची बदलते कारण तुमचं एक्स्प्रेशन मजकुराची खरीखुरी चौकट मोजतंय. "अमर" मध्ये शिरोरेषेच्या वर काही नाही आणि खाली काही नाही. "सुनील" मध्ये खाली उकार आणि वर वेलांटी. "सर्जेराव" मध्ये रफार आणि मात्रा. सोर्स-रेक्ट-अ‍ॅट-टाइम प्रत्येक वेळी वेगळी उंची सांगणार. म्हणून पट्टीच्या मापासाठी त्यातली फक्त रुंदी घ्या, उंची हाताने ठाम ठेवा. ती ठरवताना चाचणीला "दुर्गुळे", "कृष्णमूर्ती" अशी वर-खाली दोन्हीकडे पसरणारी नावं टाका. पट्टीची जागाही मजकुराच्या वरच्या कडेवरून काढू नका, नाहीतर वेलांटी आली की पट्टी उडी मारते. टेक्स्ट लेयरची पोझिशन शिरोरेषेच्या खालच्या बेसलाइनला बांधलेली असते, तिचाच आधार घ्या.

रुंदीलाही वरची मर्यादा द्या. 900 पिक्सेलच्या पुढे नाव गेलं तर मजकूर लहान व्हावा असं एक्स्प्रेशन टेक्स्टच्या स्केलला लावा: रुंदी 900 पेक्षा जास्त असेल तर 900 भागिले रुंदी गुणिले 100, नाहीतर 100. आपल्याकडे पूर्ण नावात वडिलांचं नाव येतं आणि पुढे "माजी विभागप्रमुख" वगैरे हुद्दा. हुद्दा वेगळ्या टेक्स्ट लेयरमध्येच ठेवा.

जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, रफार भलतीकडे बसतो: हे टेक्स्ट इंजिनचं लक्षण आहे. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स भागात जाऊन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत हीच निवड टाइप भागात आहे. टेम्प्लेट बनवतानाच हे चालू असलं पाहिजे. एका मशीनवर नीट आणि दुसऱ्यावर फुटतंय म्हणजे बहुधा त्या दुसऱ्या मशीनवर हे चालू नाही, किंवा फॉन्टच नाही.

फॉन्ट युनिकोडच हवा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर दिसायला देवनागरी असतो, आत मात्र इंग्रजी कळांची अक्षरं असतात. एडिटरने युनिकोड नाव पेस्ट केलं की चौकोन नाहीतर भलतंच काही दिसतं. मुक्त (Mukta), बालू, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टपैकी काहीही चालेल, तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, प्रत्येक मशीनवर टाकायला अडचण नाही. मुक्त आणि बालू एक टाइपचे, देवनागरीचा मुळातून विचार करून काढलेले. पट्टीवर मुक्तचा सेमीबोल्ड लहान मापातही छान वाचता येतो.

आणि एक, कुणीच सांगितलं नाही म्हणून. नाव एकेक अक्षराने आत आणणारा टेक्स्ट अ‍ॅनिमेटर लावला असेल तर काढा. कॅरेक्टर्सवर चालणारा अ‍ॅनिमेटर काना-मात्रा-वेलांट्या सुट्या करतो, मध्येच "स न ल" दिसतं आणि मग उकार उगवतात. बेस्ड ऑन मध्ये वर्ड्स किंवा लाइन्स ठेवा.

पट्टीवाला

अ‍ॅनिमेटर कॅरेक्टर्सवरच होता! वर्ड्स केला, बरोबर झालं. आता शेवटचं: एक्स्पोर्ट आणि दुसऱ्या मशीनवर नेणं. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर टाकून दिला की ग्राफिक ऑफलाइन येतात.

रेंडर_चालू_आहे

प्रोजेक्ट फाइल एकटी नेता, म्हणून. मोगर्ट टाइमलाइनवर टाकलं की प्रीमियर प्रोजेक्ट फाइलच्या शेजारी "मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट मीडिया" नावाचं फोल्डर बनवतं आणि टेम्प्लेटची प्रत त्यात ठेवतं. लोक त्याला फालतू समजून उडवतात किंवा नेत नाहीत. ते फोल्डर प्रोजेक्टबरोबर गेलंच पाहिजे. बदललेले फोटो आणि लोगो मात्र त्यात नसतात. ते प्रोजेक्ट पॅनेलमधल्या इतर फाइलींसारखेच, जिथून उचलले तिथेच राहतात. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉपवरून फोटो ओढला असेल तर दुसऱ्या मशीनवर तो हरवणारच. फोटो आधी कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा, तिथून इम्पोर्ट करा, मग प्रोजेक्ट पॅनेलमधून ओढून मोगर्टच्या छोट्या चित्रावर सोडा. याच क्रमाने.

एक्स्पोर्ट करताना पोस्टर टाइम फोटो आणि नाव दोन्ही दिसतील अशा फ्रेमवर ठेवा, नाहीतर यादीत काळं चित्र दिसतं. खाली कम्पॅटिबिलिटीच्या दोन्ही खुणा चालू ठेवा. फॉन्ट अडोबी फॉन्ट्सवर नसेल तर एक सूचना मिळते, आणि चालवायला आफ्टर इफेक्ट्स लागणार असेल तर दुसरी. ही दुसरी आली तर समजा कुठेतरी बाहेरचा प्लगइन वापरला गेलाय. तो काढून आतल्याच इफेक्टने काम भागवा, कारण तुमचे एडिटर आफ्टर इफेक्ट्स उघडणार नाहीत असं तुम्हीच म्हणता.

सगळ्यांची आवृत्ती विचारून घ्या. मोगर्टमध्ये मीडिया बदलण्याची सोय मार्च 2021 च्या आवृत्त्यांत आली, प्रीमियर 15.0 आणि आफ्टर इफेक्ट्स 18.0. त्याआधीच्या प्रीमियरवर हे चालणार नाही. आणि नव्या आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेलं मोगर्ट जुन्या प्रीमियरला उघडत नाही. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रीमियरशी जुळणाऱ्या आफ्टर इफेक्ट्समध्येच टेम्प्लेट करा.

टाइमलाइन_पुणे

फाइल कुठे पडते तेही लिहून ठेवा. विंडोजवर यूझरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात रोमिंग, त्यात अडोबी, कॉमन, मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट्स. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, हिडन आयटम्स चालू करावे लागतात. मॅकवर यूझरच्या लायब्ररीत अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, पुढे अडोबी, कॉमन, तेच फोल्डर.

टेम्प्लेटमध्ये काही सुधारलंत तर नवीन मोगर्ट टाकल्याने आधीच टाइमलाइनवर असलेल्या पट्ट्या आपोआप बदलत नाहीत, त्यांची प्रत प्रोजेक्टजवळ वेगळी आहे. नावात आवृत्तीचा आकडा घाला: पाहुणा_पट्टी_03. मूळ आफ्टर इफेक्ट्स प्रोजेक्ट हरवला तरी घाबरू नका. मोगर्ट फाइल आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्टसारखी उघडता येते, ती कुठे सुटी करून ठेवायची तेवढं विचारते.

एका भागात 20-25 पट्ट्या असल्या की टाइमलाइन अडखळते, विशेषतः ब्लर आणि मॅट असताना. नावं आणि फोटो पक्के झाल्यावर पट्टीवर राइट क्लिक करून रेंडर अँड रिप्लेस करा, म्हणजे तिच्या जागी तयार व्हिडिओ येतो. प्रिसेट अल्फा (पारदर्शकता) धरणारा निवडा, प्रोरेस 4444 सारखा, नाहीतर पट्टीमागे काळा चौकोन येतो. नंतर हुद्द्यात चूक सापडली तर त्याच मेनूतल्या रिस्टोअर अनरेंडर्डने पट्टी पुन्हा बदलण्याजोगी होते.

पट्टीवाला

खिडकीच्या आवृत्तीलाही हेच प्रिसेट?

टाइमलाइन_पुणे

हो, तिला तर अल्फा लागतोच. रेंडर झाल्यावर व्ही2 ची क्लिप एकदा बंद करून बघा: खिडकीतून व्ही1 दिसलं तर बरोबर, काळं दिसलं तर प्रिसेट चुकलाय.